यशस्वी प्रशिक्षकाने मोठ्या संघाकडे जावे का? अमेरिकेच्या बास्केटबॉलमधून एक पाठ



आज एक वेगळा विषय घेऊन आलो आहे. विषय खेळाचा आहे, तोही आपल्याकडे क्रिकेट-कबड्डीइतका न पाहिल्या जाणाऱ्या बास्केटबॉलचा. पण शेवटपर्यंत वाचा. हा पाठ खेळाडूंपेक्षा शिक्षकांचा जास्त आहे, असे तुम्हालाही वाटेल.

जून २०२४ मधली गोष्ट. अमेरिकेतल्या कनेक्टिकट विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाचे प्रशिक्षक डॅन हर्ली यांना लॉस एंजेलिस लेकर्स या व्यावसायिक संघाने बोलावले. हर्ली यांच्या संघाने २०२३ आणि २०२४ अशी सलग दोन वर्षे कॉलेज बास्केटबॉलची राष्ट्रीय स्पर्धा जिंकली होती. लेकर्सने देऊ केलेली रक्कम सहा वर्षांसाठी सुमारे ७ कोटी डॉलर होती, असे तेव्हा वर्तमानपत्रांनी छापले. हर्ली लॉस एंजेलिसला जाऊन आले, घरी बसून विचार केला आणि काही दिवसांतच नाही म्हणाले. पुढच्याच महिन्यात त्यांच्या विद्यापीठाने त्यांच्याशी सहा वर्षांचा, सुमारे ५ कोटी डॉलरचा नवा करार केला.

म्हणजे फुकट राहिले असे नाही, हे आधीच सांगून टाकतो. त्यांना साधू वगैरे बनवायचे कारण नाही. पण जास्त पैसे, जास्त प्रसिद्धी आणि जगातला सगळ्यात मोठा मंच समोर असताना एक यशस्वी माणूस 'मी इथेच बरा' म्हणतो, तेव्हा त्यामागचा हिशोब काय असतो? आणि जे गेले, त्यांचे काय झाले?

हा प्रश्न मला का पडला तेही सांगतो. आमच्या शाळेतल्या गणिताच्या एका सरांना शहरातल्या एका खासगी क्लासने बोलावले होते. पगार तिप्पट. स्टाफरूममध्ये दोन तट पडले. एक गट म्हणे, 'सर, जा, अशी संधी परत येत नाही.' दुसरा म्हणे, 'तिथे तुमचं जमणार नाही.' दोन्ही बाजूंकडे भावना भरपूर होती, उदाहरणे मात्र नव्हती. अमेरिकेतल्या या प्रशिक्षकांची उदाहरणे शोधू लागलो ती त्यामुळेच. तिथे हा प्रश्न गेली तीस-चाळीस वर्षे पुन्हा पुन्हा येतो आणि त्याची उत्तरे आकड्यांत नोंदलेली आहेत.

आधी दोन्ही जागा समजून घेऊ

खेळ एकच, बास्केटबॉल. पण कॉलेजचा संघ आणि एनबीएचा संघ या दोन अगदी वेगळ्या नोकऱ्या आहेत.

कॉलेजचा सामना ४० मिनिटांचा, दोन भागांत खेळला जातो. एनबीएचा सामना ४८ मिनिटांचा, चार भागांत. चेंडू हातात आला की कॉलेजमध्ये ३० सेकंदांत बास्केटकडे फेकावा लागतो, एनबीएमध्ये २४ सेकंदांत. कॉलेजचा संघ हंगामात साधारण ३० ते ४० सामने खेळतो. एनबीएचा संघ ८२ सामने खेळतो, आणि पुढची बाद फेरी वेगळी. कधी कधी लागोपाठ दोन रात्री, दोन शहरांत सामने असतात. सरावाला वेळ मिळतो कुठे?

कॉलेजच्या राष्ट्रीय स्पर्धेत ६८ संघ असतात आणि एक सामना हरला की घरी. म्हणून एका रात्रीची तयारी, एका रात्रीची जिद्द यांना तिथे फार किंमत. एनबीएच्या बाद फेरीत मात्र एकाच संघाशी सातपैकी चार सामने जिंकावे लागतात. एखादी युक्ती पहिल्या सामन्यात चालली, तर तिसऱ्या सामन्यापर्यंत समोरच्याने तिचा तोड काढलेला असतो.

आता सगळ्यात मोठा फरक. कॉलेजचा प्रशिक्षक आपले खेळाडू स्वतः निवडतो. गावोगाव फिरतो, मुलाच्या घरी जाऊन आईवडिलांसमोर बसतो, 'तुमचा मुलगा माझ्याकडे द्या' म्हणतो. नावाजलेल्या प्रशिक्षकाकडे दरवर्षी उत्तम मुलांची रांग लागते. एनबीएमध्ये उलटे आहे. तिथे नव्या खेळाडूंची वाटणी 'ड्राफ्ट' नावाच्या पद्धतीने होते आणि जो संघ आदल्या वर्षी वाईट खेळला, त्याला चांगला खेळाडू मिळण्याची शक्यता जास्त ठेवलेली असते. हेतू असा की सगळे संघ साधारण बरोबरीत राहावेत. म्हणजे कॉलेजमध्ये जिंकणारा आणखी बलवान होतो आणि एनबीएमध्ये जिंकणाऱ्याला नियमच मागे ओढतो.

आणि पगार. कॉलेजमध्ये प्रशिक्षक हा त्या संघातला सगळ्यात मोठा माणूस. एनबीएमध्ये मोठ्या खेळाडूचा पगार प्रशिक्षकाच्या कितीतरी पट असतो आणि त्याचा करारही बहुतेक वेळा पक्का असतो. बेबनाव झाला तर कोणाला काढणे सोपे? उत्तर आपल्याला माहीत आहे.

जे गेले आणि परत आले

रिक पिटिनो यांचे उदाहरण सगळ्यात जास्त सांगितले जाते. केंटकी विद्यापीठाला त्यांनी १९९६ मध्ये विजेतेपद मिळवून दिले, १९९७ मध्ये पुन्हा अंतिम सामन्यात नेले. त्यानंतर ते बॉस्टन सेल्टिक्सकडे गेले. नुसते प्रशिक्षक म्हणून नव्हे, तर संघाचे सगळे निर्णय घेणारे अध्यक्ष म्हणूनही. सेल्टिक्स आदल्या वर्षी फार वाईट खेळले होते, त्यामुळे ड्राफ्टमध्ये टिम डंकन हा असामान्य खेळाडू आपल्यालाच मिळेल अशी बॉस्टनला आशा होती. सोडतीत तो सॅन अँटोनियोला गेला. बॉस्टनच्या वाट्याला तिसरी आणि सहावी निवड आली.

तिसऱ्या निवडीत त्यांनी चॉन्सी बिलप्स हा तरुण खेळाडू घेतला आणि पहिला हंगाम संपायच्या आतच त्याला दुसऱ्या संघाला देऊन टाकले. हाच बिलप्स पुढे २००४ मध्ये डेट्रॉइट पिस्टन्स एनबीए जिंकले तेव्हा अंतिम मालिकेतला सर्वोत्तम खेळाडू ठरला. शिक्षकांनो, या ठिकाणी जरा थांबा. विद्यार्थ्याला जोखायला आपण किती दिवस देतो?

पिटिनो यांनी जानेवारी २००१ मध्ये राजीनामा दिला. सेल्टिक्सबरोबर त्यांचे १०२ विजय आणि १४६ पराभव झाले. परत कॉलेजकडे येऊन त्यांनी लुइव्हिल विद्यापीठाला २०१३ मध्ये विजेतेपद मिळवून दिले. (ते विजेतेपद नंतर नियमभंगाच्या कारणाने रद्द झाले, हेही नोंदवायला हवे. मुलांना सांगताना अर्धी गोष्ट सांगू नये.)

जॉन कॅलिपारी यांचीही वाट अशीच. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या संघाला १९९६ मध्ये शेवटच्या चारांत नेल्यावर ते न्यू जर्सी नेट्सकडे गेले. दुसऱ्या हंगामात ४३ सामने जिंकून संघ बाद फेरीत पोहोचला. पण तिसऱ्या हंगामात पहिल्या २० पैकी फक्त ३ सामने जिंकले आणि मार्च १९९९ मध्ये त्यांना काढले. एकूण ७२ विजय, ११२ पराभव. नंतर कॉलेजमध्ये परतून त्यांनी २०१२ मध्ये केंटकीला विजेतेपद मिळवून दिले.

जॉन बीलाईन यांची गोष्ट मला सगळ्यात जवळची वाटते, कारण हा माणूस अगदी तळापासून वर आलेला. १९७० च्या दशकात हायस्कूलच्या संघापासून सुरुवात, मग दोन वर्षांचे छोटे कॉलेज, मग लहान विद्यापीठे, मग मोठी. कुणाच्या हाताखाली सहायक म्हणून कधी काम केले नाही. प्रत्येक पायरीवर स्वतःच मुख्य. मिशिगन विद्यापीठाला त्यांनी २०१३ आणि २०१८ असे दोनदा अंतिम सामन्यात नेले. मग २०१९ मध्ये, वयाच्या ६६ व्या वर्षी, क्लीव्हलँड कॅव्हेलियर्सचे प्रशिक्षक झाले. पाच वर्षांचा करार होता. पहिला हंगामही पूर्ण झाला नाही. ५४ सामन्यांत १४ विजय, आणि फेब्रुवारी २०२० मध्ये ते बाहेर पडले. मध्यंतरी खेळाडूंबरोबर व्हिडिओ बघताना त्यांच्या तोंडून एक अपमानकारक शब्द गेला होता. आपल्याला दुसराच शब्द म्हणायचा होता, असे सांगून त्यांनी खेळाडूंची माफी मागितली. जिथे विश्वास बसलेला असतो तिथे अशी चूक पोटात घातली जाते. नव्या ठिकाणी तो विश्वास तयार व्हायच्या आतच सामने हरलेले असतात.

बीलाईन चाळीसेक वर्षे उत्तम शिकवत आले होते. एका उन्हाळ्यात त्यांची विद्या कुठे गेली? कुठेच गेली नाही. समोरचा वर्ग बदलला.

ज्यांनी नकार दिला

ड्यूक विद्यापीठाचे माइक शशेफ्स्की. नाव उच्चारायला अवघड म्हणून सगळे त्यांना 'कोच के' म्हणतात. १९८० ते २०२२ अशी बेचाळीस वर्षे एकाच विद्यापीठात, पाच राष्ट्रीय विजेतेपदे. २००४ मध्ये त्यांनाही लेकर्सनेच बोलावले होते, तब्बल ४ कोटी डॉलरच्या प्रस्तावासह. त्यांनी काही दिवस खरोखर विचार केला. त्या दिवसांत विद्यापीठातल्या एका विद्यार्थ्याने त्यांना मेल पाठवून राहण्याची विनंती केली. हा मुलगा संघातला नव्हता, साधा विद्यार्थी. नकार जाहीर करताना कोच के यांनी त्या मेलचा आवर्जून उल्लेख केला.

पण त्यांची गोष्ट इथे संपत नाही. पुढे ते अमेरिकेच्या राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक झाले आणि एनबीएमधल्या त्याच मोठमोठ्या खेळाडूंना घेऊन २००८, २०१२ आणि २०१६ च्या ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदके जिंकली. म्हणजे त्यांना मोठे खेळाडू हाताळता येत नव्हते असे नाही. त्यांनी आपले घर न सोडता ते काम केले.

मिशिगन स्टेट विद्यापीठाचे टॉम इझो यांचा प्रसंग २०१० चा. क्लीव्हलँडने त्यांना बोलावले. पण लेब्रॉन जेम्स हा त्या संघाचा कणा, आणि तो राहणार की जाणार हेच ठरलेले नव्हते. इझो यांनी जूनमध्ये नकार दिला. जुलैमध्ये लेब्रॉन मायामीला निघून गेला. पुढचा हंगाम क्लीव्हलँडला फार वाईट गेला. नव्या ठिकाणी जाण्याआधी 'तिथे कोण असेल' हे विचारणे किती महत्त्वाचे, हे यावरून कळते.

ज्यांनी हो म्हटले, मग नाही म्हटले

बिली डोनोव्हन हे रिक पिटिनो यांचे एके काळचे विद्यार्थी. फ्लोरिडा विद्यापीठाला त्यांनी २००६ आणि २००७ अशी सलग दोन विजेतेपदे मिळवून दिली. २००७ मध्ये त्यांनी ऑर्लँडो मॅजिक या एनबीए संघाशी करार केला, पत्रकार परिषद झाली, फोटो निघाले. आणि काही दिवसांतच त्यांना वाटले, आपण चूक केली. त्यांनी संघाला विनंती केली की मला मोकळे करा. संघाने केले, पण पाच वर्षे एनबीएमध्ये प्रशिक्षक व्हायचे नाही, या अटीवर.

त्या वेळी त्यांची टिंगलही झाली. पण बघा, आठ वर्षांनी, २०१५ मध्ये ते ओक्लाहोमा सिटी थंडर या संघाकडे गेले आणि तिथे पाचही हंगामांत संघ बाद फेरीत पोहोचला. नंतर २०२० मध्ये शिकागो बुल्सकडे गेले. तोच माणूस, तीच एनबीए. फरक दोन. एक, आता मन तयार होते. दुसरे, मिळालेला संघ पडका नव्हता, त्यात केव्हिन ड्युरँट आणि रसेल वेस्टब्रुक होते.

जो गेला आणि टिकला

ब्रॅड स्टीव्हन्स यांनी औषध कंपनीतली नोकरी सोडून बटलर या इंडियानापोलिसच्या छोट्या विद्यापीठात बास्केटबॉलच्या कामाला सुरुवात केली. २००७ मध्ये, वयाच्या तिशीत, मुख्य प्रशिक्षक झाले. २०१० आणि २०११ मध्ये सलग दोनदा त्यांनी हा छोटा संघ राष्ट्रीय अंतिम सामन्यात नेला. २०१० ला ड्यूककडून ६१–५९ असा पराभव झाला. बटलरच्या गॉर्डन हेवर्डने अगदी शेवटच्या क्षणी मैदानाच्या मध्यावरून फेकलेला चेंडू रिंगला लागून बाहेर गेला.

२०१३ मध्ये बॉस्टन सेल्टिक्सने त्यांना घेतले. पहिल्या हंगामात २५ विजय, ५७ पराभव! पण यावेळी संघाच्या व्यवस्थापनाने आधीच ठरवले होते की संघ नव्याने बांधायचा आहे, पहिली वर्षे अशीच जाणार. त्यांनी स्टीव्हन्स यांना वेळ दिला. दुसऱ्या हंगामापासून संघ दरवर्षी बाद फेरीत जाऊ लागला. २०२१ मध्ये ते प्रशिक्षकपद सोडून संघाच्या व्यवस्थापनाचे प्रमुख झाले आणि त्यांनी जमवलेला संघ २०२४ मध्ये एनबीए विजेता झाला.

ज्या बॉस्टनमध्ये पिटिनो यांना जमले नाही, त्याच बॉस्टनमध्ये स्टीव्हन्स यांना जमले. पिटिनो एकाच वेळी प्रशिक्षक आणि अध्यक्ष होते. स्टीव्हन्स यांनी एका वेळी एकच काम केले.

आणि दोन्ही मंच जिंकणारा कोणी आहे का? आहे, एकच. लॅरी ब्राऊन. १९८८ मध्ये कॅन्सस विद्यापीठाबरोबर कॉलेजचे आणि २००४ मध्ये डेट्रॉइटबरोबर एनबीएचे विजेतेपद. मात्र कॅन्ससला येण्याआधीच त्यांनी व्यावसायिक संघांबरोबर बरीच वर्षे काम केले होते. ती दुनिया त्यांना अनोळखी नव्हती.

मग यातून काय दिसते?

पहिली गोष्ट. हरण्याचे प्रमाण बदलते आणि ते सोसायची तयारी लागते. हर्ली यांच्या संघाने २०२३-२४ मध्ये ३७ सामने जिंकले आणि फक्त ३ हरले. त्याच वर्षी एनबीए जिंकणाऱ्या सेल्टिक्सने नियमित हंगामात ६४ जिंकले आणि १८ हरले. म्हणजे सर्वोत्तम व्यावसायिक संघसुद्धा सर्वोत्तम कॉलेज संघाच्या सहापट हरला! ज्याला तीन पराभवांची सवय आहे, त्याची झोप अठरा पराभवांत उडेल. पन्नास पराभवांत काय होईल?

दुसरी गोष्ट. जागा रिकामी होते ती बहुतेक वेळा संघ वाईट खेळत असतो म्हणून. चांगला चाललेला संघ प्रशिक्षक बदलत नाही. बाहेरून बोलावणे येते तेव्हा मान मिळाल्यासारखे वाटते, पण आत शिरल्यावर कळते की घराचे छप्परच गळते आहे.

तिसरी गोष्ट, जी आपल्या धंद्याशी सगळ्यात जवळची. कॉलेजचा प्रशिक्षक शिक्षक असतो. जॉन वुडन हे नाव लक्षात ठेवा. यूसीएलए विद्यापीठाच्या या प्रशिक्षकांनी १९६४ ते १९७५ या बारा वर्षांत दहा राष्ट्रीय विजेतेपदे जिंकली. मुळात ते हायस्कूलमध्ये इंग्रजी शिकवणारे शिक्षक. हंगामाच्या पहिल्या दिवशी ते खेळाडूंना पायमोजे कसे घालायचे ते शिकवत. सुरकुती राहिली की पायाला फोड येतो, फोड आला की सराव बुडतो. अठरा वर्षांचा मुलगा हे ऐकून घेतो. कोट्यवधी डॉलर मिळवणारा तिशीतला खेळाडू ऐकेल? एखादा ऐकेलही, पण त्यासाठी आधी त्याचा विश्वास कमवावा लागेल. तिथे प्रशिक्षकाला शिकवण्यापेक्षा सांभाळण्याचे काम जास्त असते. ते कमी दर्जाचे काम नाही, पण वेगळे आहे.

चौथी गोष्ट, वेळ. कोच के यांचे ड्यूकमधले पहिले तीन हंगाम आठवतात का कोणाला? १७–१३, १०–१७, ११–१७. तीन वर्षांत ३८ विजय, ४७ पराभव. त्यांना काढा म्हणून ओरड सुरू झाली होती. विद्यापीठाचे क्रीडा संचालक टॉम बटर्स यांनी त्यांना काढले तर नाहीच, उलट १९८४ च्या सुरुवातीला नवा करार दिला. पहिले विजेतेपद आले १९९१ मध्ये, म्हणजे अकराव्या हंगामात. आज आपण ज्यांना थोर म्हणतो, त्यांच्यासाठी कुणीतरी थांबले होते.

आता चित्र बदलते आहे

एक प्रामाणिक नोंद. 'कॉलेज म्हणजे शिक्षण, एनबीए म्हणजे धंदा' अशी सोपी विभागणी आता राहिलेली नाही. जुलै २०२१ पासून अमेरिकेत कॉलेजचे खेळाडू आपल्या नावावर जाहिरातीचे पैसे घेऊ शकतात. एका कॉलेजातून दुसऱ्या कॉलेजात जाणेही फार सोपे झाले आहे. २०२५ च्या न्यायालयीन तडजोडीनंतर तर विद्यापीठे खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली. पहिल्या वर्षी एका विद्यापीठाची मर्यादा सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर.

याचा परिणाम प्रशिक्षकांवर होणारच. व्हर्जिनिया विद्यापीठाला २०१९ मध्ये विजेतेपद मिळवून देणारे टोनी बेनेट ऑक्टोबर २०२४ मध्ये, हंगाम तोंडावर असताना, निवृत्त झाले. या नव्या वातावरणासाठी मी योग्य माणूस नाही, असे त्यांनी मोकळेपणाने सांगितले. म्हणजे जागा न सोडताही जागा बदलू शकते. आपल्या शाळांमध्येही गेल्या काही वर्षांत ऑनलाइन माहिती भरणे, ॲप, प्रशिक्षणे यांनी शिक्षकाचा दिवस कसा बदलला, हे मी तुम्हाला सांगायला नको.

वर्गात हा पाठ कसा घ्याल?

आठवी ते दहावीच्या वर्गात दोन तासिका पुरतात. मी केलेली मांडणी देतो, तुम्ही आपल्या सोयीने बदला.

१) गणित. खालील आकडे फळ्यावर लिहा आणि विजयाची टक्केवारी काढायला सांगा.

- हर्ली, कनेक्टिकट, २०२३-२४: ३७ विजय, ३ पराभव (९२.५ टक्के)
- सेल्टिक्स, २०२३-२४, नियमित हंगाम: ६४ विजय, १८ पराभव (सुमारे ७८ टक्के)
- कोच के, पहिले तीन हंगाम: ३८ विजय, ४७ पराभव (सुमारे ४४.७ टक्के)
- पिटिनो, सेल्टिक्स: १०२ विजय, १४६ पराभव (सुमारे ४१ टक्के)
- कॅलिपारी, नेट्स: ७२ विजय, ११२ पराभव (सुमारे ३९ टक्के)
- स्टीव्हन्स, सेल्टिक्स, पहिला हंगाम: २५ विजय, ५७ पराभव (सुमारे ३०.५ टक्के)
- बीलाईन, क्लीव्हलँड: १४ विजय, ४० पराभव (सुमारे २६ टक्के)

आधी नावे झाकून फक्त आकडे द्या आणि विचारा, 'यातला कोणता प्रशिक्षक पुढे यशस्वी होईल?' मुले आकडा बघून सांगतील आणि चुकतील. स्टीव्हन्स यांचा पहिला हंगाम पिटिनोंच्या एकूण आकड्यापेक्षाही वाईट आहे. मग नावे उघडा. नुसत्या टक्केवारीवरून माणूस कळत नाही, हे पाच मिनिटांत मुलांच्या लक्षात येते. गुणपत्रिकेबद्दल वेगळे बोलायची गरजच उरत नाही.

२) भाषा. एका गटाने हर्ली यांच्या बाजूने 'मी का राहिलो' आणि दुसऱ्या गटाने स्टीव्हन्स यांच्या बाजूने 'मी का गेलो' असे दहा ओळींचे पत्र लिहावे. अट एकच, पैशाचा मुद्दा लपवायचा नाही.

३) चर्चा. डोनोव्हन यांनी शब्द देऊन मागे घेतला. ते बरोबर की चूक? ऑर्लँडोच्या संघाच्या बाजूनेही विचार करायला लावा. (त्या संघाने दुसरा प्रशिक्षक घेतला आणि २००९ मध्ये एनबीएच्या अंतिम मालिकेपर्यंत गेला, हे चर्चा संपल्यावर सांगा, आधी नको.)

पालकांसाठी दोन शब्द

पालकहो, हा प्रश्न तुमच्या घरातही दर जूनमध्ये येतो. दहावीला गावच्या शाळेत पहिला आलेला मुलगा लातूरला किंवा पुण्याला पाठवायचा का? पाठवू नका असे मी म्हणणार नाही. जाऊन चमकलेली मुले मी पाहिली आहेत आणि महिन्याभरात रडत फोन करणारीही. निर्णय घेण्याआधी या प्रशिक्षकांच्या गोष्टीतून निघालेले चार प्रश्न कागदावर लिहा आणि मुलाबरोबर बसून उत्तरे लिहा.

एक, इथे त्याला जे जमते आहे ते नेमके कशामुळे? बुद्धीमुळे, एखाद्या शिक्षकामुळे की घरच्या जेवणामुळे? दोन, त्यातले काय काय तिथे सोबत जाणार आहे? तीन, पहिली सहामाही वाईट गेली तर आपण थांबणार आहोत का, की टोमणे मारणार आहोत? चार, नाहीच जमले तर परत यायची वाट खुली आहे का, आणि हे त्याला आजच सांगितले आहे का?

शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा. पिटिनो आणि कॅलिपारी परत आले आणि पुन्हा उभे राहिले, कारण परतायला जागा होती आणि परतण्यात लाज आहे असे त्यांनी मानले नाही. आपण मात्र मुलाला 'आता मागे वळून बघायचं नाही' असे सांगून गाडीत बसवतो.

जाता जाता

डॅन हर्ली यांच्या वडिलांबद्दल सांगायचे राहिले. बॉब हर्ली हे जर्सी सिटीमधल्या सेंट अँथनी नावाच्या छोट्या हायस्कूलचे प्रशिक्षक. शाळा गरीब, स्वतःचा बास्केटबॉल हॉलसुद्धा नाही. पोटासाठी ते शिक्षा झालेल्या माणसांवर देखरेख ठेवणारे सरकारी अधिकारी म्हणून नोकरी करत आणि संध्याकाळी मुलांना शिकवत. चाळीसहून जास्त वर्षे त्याच शाळेत राहून त्यांनी अनेक राज्य विजेतेपदे जिंकली. त्यांच्या हाताखालून कितीतरी मुले कॉलेजात गेली. २०१० मध्ये त्यांचा बास्केटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये समावेश झाला. हायस्कूलच्या प्रशिक्षकाला हा मान क्वचितच मिळतो. पैशाअभावी ती शाळा २०१७ मध्ये बंद पडली, हेही खरे.

ज्या घरात असा बाप रोज समोर दिसला, त्या घरातल्या मुलाला 'राहणे' म्हणजे मागे पडणे वाटत नसावे, असे मला वाटते.

आणि आमचे गणिताचे सर? ते गेले. वरचे चार प्रश्न त्यांनी स्वतःला विचारले होते आणि उत्तर 'जावे' असे आले. घरी दोन मुली शिकत आहेत, कर्ज आहे. आम्ही सगळ्यांनी त्यांना चांगला निरोप दिला. निघताना मुख्याध्यापक त्यांना एवढेच म्हणाले, 'सर, जमलं नाही तर लाजू नका, तासिकेवर का होईना, तुमच्यासाठी आमच्याकडे वर्ग आहे.' ते वाक्य ऐकून सरांचे डोळे भरून आले, आणि आमचेही.

तुमच्या शाळेत, तुमच्या घरी असा प्रसंग आला असेल तर काय ठरवले आणि का, ते जरूर कळवा. हा पाठ वर्गात घेतलात तर मुलांनी लिहिलेली पत्रेही पाठवा. वाचायला आवडतील.